पांढऱ्या वाइनमधला धूर

योलांदच्या निरोपाचं जेवण शाळेतच, शिक्षकांच्या खोलीत होतं. टेबलं जोडून त्यांवर कागद अंथरला होता आणि कागदावर चीज, सॉसेजचे काप, कुणीतरी घरून करून आणलेला कांद्याचा केक असं सगळं मांडलं होतं. रेजिस खिडकीपाशी उभा होता. निरोपाच्या जेवणाला माणूस जसा उभा राहतो तसा, म्हणजे हातात ग्लास आणि नजर दाराकडे. भूगोलाचे पेपर तपासायचे राहिले होते. बाहेर नोव्हेंबरचं आभाळ ल्यों शहरावर खाली आलेलं होतं आणि क्रॉआ-रूसच्या टेकडीवरची घरं त्यात अर्धी बुडाली होती. “घ्या रे, लाजू नका,” योलांद बाटली घेऊन फिरत होती. “सुपरमार्केटची असली तरी ओकच्या लाकडाच्या पिंपात झोपून आलीय. तुमच्यापैकी कुणालाही इतके महिने गप्प बसता आलं नसतं.” व्यायामाचे मास्तर म्हणाले, “तीस वर्षं शिकवलंस आणि निरोपाला इतकी स्वस्तातली?” “स्वस्त आहे म्हणूनच तुझा ग्लास तिसऱ्यांदा भरतेय, गाढवा,” ती म्हणाली आणि रेजिसच्या ग्लासात तिने ओतली. पिवळसर होती. वाळलेल्या गवतासारखी. त्याने ग्लास ओठांशी नेला, तो हातात होता म्हणून. वाइन म्हणजे त्याच्या लेखी आता काहीतरी गार, ओलं आणि थोडं आंबट इतकंच उरलं होतं.

आणि वास आला. तो वास आहे हे आधी त्याला कळलंच नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला काहीतरी हललं, बंद घरात दुसऱ्या खोलीत कुणी खुर्ची सरकवावी तसं. मग लाकूड आलं. जळलेलं नव्हे, नुसतं शेकलेलं. मग भाजलेला पाव, त्यावर वितळणारं लोणी, किंचित व्हॅनिला, आणि या सगळ्याच्या मागून, खूप मागून, थंडीतून आत आलेल्या बाईच्या केसांचा धूर. रेजिसने टेबलाची कड धरली. दोन हिवाळ्यांहून जास्त काळ त्याच्या नाकाने जगातलं काहीही आत घेतलं नव्हतं. “काय झालं रे? बूच खराब निघालं का?” योलांदने विचारलं. “नाही,” तो म्हणाला, “चांगली आहे.” “ऐका! रेजिसला काहीतरी चांगलं वाटलं! आता मी सुखाने जाते.” सगळे हसले. तोही हसला. निघताना त्याने उरलेली अर्धी बाटली मागितली, तेव्हा योलांदने ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. तिच्या चेहऱ्यावर त्याला दया दिसली. पण तिच्याकडे लक्ष द्यायला त्याला वेळ नव्हता.

घरी येईपर्यंत तो जवळजवळ धावत होता. जिना चढून, कोटही न काढता, त्याने कॉफीचा डबा उघडून त्यात नाक खुपसलं. काही नाही. साबण. काही नाही. लसणाची पाकळी नखाने चिरली, बुटाचं पॉलिश उघडलं, गॅसची कळ क्षणभर फिरवून बंद केली. काही नाही, काही नाही. मग वर्तमानपत्र सोडून बाटलीचं बूच काढलं, आणि ते लाकूड पुन्हा आलं, शांतपणे, आपल्याच घरात आल्यासारखं. म्हणजे जगाचं दार उघडलं नव्हतं. एक फट पडली होती, आणि त्या फटीतून एकच बाई आत येऊ शकत होती.

सिल्वियान त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा तो विद्यार्थी होता आणि सोन नदीच्या काठची पुराची कुरणं मोजत हिंडत होता. पाऊस लागला म्हणून एका शेडखाली उभा राहिला, तर ती सायकल ढकलत तिथेच आली. केस भिजलेले, आणि त्यांतून तो धूर. तिचा बाप पिंपं घडवायचा. घराच्या मागेच कारखाना होता, उघड्या पिंपाच्या पोटात जाळ करून लाकूड शेकायचे, आणि त्या धुरात घरातल्या सगळ्यांचे कपडे, पांघरुणं, केस वर्षभर मुरत असायचे. रेजिस काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “तुमच्या केसांना धुराचा वास येतोय.” तिने त्याला पायापासून वर पाहिलं. “धूर नाही, ओक. लाकूड ओळखता येत नसेल तर माणसाने गप्प उभं राहावं.” लग्नानंतर ल्योंला आल्यावर तिने तो वास घासून काढला. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि तिथे गावाकडचा धूर चालण्यासारखा नव्हता. हळूहळू तिला साबणाचा, मलमांचा, पांढऱ्या कोटाच्या इस्त्रीचा वास येऊ लागला. रेजिसला तोही आवडायचा. पण कधी माहेराहून परतली की दोन दिवस तिच्या उशीला ओक असायचा, आणि त्या दोन दिवसांत तो तिच्याकडे जरा अनोळखी माणसाने पाहावं तसा पाहायचा.

नाक गेलं ते साथीच्या हिवाळ्यात. ताप आला, उतरला, आणि एका सकाळी कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी झाली. डॉक्टर म्हणाले, येईल परत, वाट पाहा. त्याच महिन्यात सिल्वियानचे रिपोर्ट आले. मग नाकाचं कुणाला सांगणार? घरात एवढं मोठं काहीतरी येऊन बसलं होतं की त्याच्याशेजारी ‘मला वास येत नाही’ हे वाक्य हास्यास्पद वाटलं असतं. त्याने ते मागे ठेवलं, उद्या सांगू म्हणून. नंतर सगळंच भराभर झालं. इस्पितळ, पुन्हा घर, मग मागची खोली, जिची खिडकी अंगणातल्या लिंडनच्या झाडाकडे उघडायची. तिच्या छातीवरची गाठ फुटून उघडी पडली आणि मिटेनाच. नर्स रोज सकाळी येऊन पट्टी बदलायची. खिडकी दिवसभर उघडी असायची. मुलगी नोएमी शनिवारी यायची, सुगंधी मेणबत्त्या आणायची, फुलं आणायची, पण दारातच उभी राहून बोलायची. लोक आत येताना तोंडाने श्वास घेतात हे रेजिसला दिसायचं. तो मात्र तिच्या अंथरुणावर बसून शाळेतल्या गमती सांगायचा, तिच्या मानेखाली हात घालून तिला वर घ्यायचा, रात्री तिच्याच उशीच्या टोकाला डोकं टेकून झोपायचा. “मस्यू,” नर्स एकदा जिन्यात म्हणाली होती, “मी पुष्कळ घरं पाहिली. तुमच्यासारखा नवरा पाहिला नाही.”  

एक दिवस सिल्वियानने विचारलं, “मला घाण येते ना रे?” “नाही,” तो म्हणाला. “खरं सांग.” “नाही येत गं. शपथ.” ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या त्या सुकलेल्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे त्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतही पाहिलं नव्हतं. “किती छान खोटं बोलतोस,” ती म्हणाली. त्याने तोंड उघडलं होतं. अगं, खोटं नाही, मला वासच येत नाही, कशाचाच नाही, हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण ती हसत होती. त्याने तोंड मिटलं. मग तो तिचा खेळच झाला. पट्टी बदलून नर्स गेली की विचारायची, “येते?” तो म्हणायचा, “नाही.” ती डोळे मिटून म्हणायची, “लबाड.” तो खरं बोलायचा आणि ती त्याच्या खोट्यावर प्रेम करायची. वसंतात ती गेली तेव्हा लिंडनला पालवी फुटली होती, इतकं त्याला आठवतं. त्या खोलीचा वास त्याला आठवत नाही. तो त्याच्या आयुष्यातून कुणी कापून नेल्यासारखा गेलेला आहे.

योलांदची बाटली संपली तसा तो कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये गेला आणि तिचं लेबल शोधून काढलं. मग रोज संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेला, तो एक ग्लास भरून टेबलावर ठेवायचा आणि समोर बसायचा. प्यायचा नाही. पोटात गेली की संपली, हे त्याला पहिल्याच दिवशी समजलं होतं. ग्लासात असेपर्यंत ती खोलीभर राहायची. थोड्या वेळाने लाकूड ग्लासातून उठून आपलं आपण हिंडू लागायचं. स्वयंपाकघराच्या दाराशी जायचं, कोटांच्या खुंटीपाशी रेंगाळायचं. रेजिस मान न वळवता बसायचा. मान वळवली की ते नसतं, हेही त्याला समजलं होतं. पहिल्या काही दिवसांत त्याला फक्त सुख झालं. मग एका संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की घरात जी हिंडतेय ती त्याची बायको नाही. ती सायकलवाली मुलगी आहे. भिजलेल्या केसांची, बाविशीची, जिने अजून त्याचं नावही विचारलेलं नाही. हे घर तिचं नाही, ही भांडी तिने कधी हाताळलेली नाहीत. ती नुसती इथून तिथून चालली आहे, चुकून शिरल्यासारखी, आणि कुणाला तरी शोधते आहे. “सिल्वियान,” तो हलकेच म्हणाला. पण त्या नावाने तिने थांबावं इतकी त्या मुलीची आणि त्याची ओळख झालेली नव्हती.

आणि ती मागच्या खोलीत जायची नाही. हे त्याला नंतर नंतर स्पष्ट जाणवू लागलं. बोळातून वास जायचा, दारापर्यंत जायचा आणि तिथेच थबकायचा. एकदा त्याने ग्लास उचलून मुद्दाम आत नेला आणि गादी नसलेल्या पलंगावर ठेवला. त्या खोलीत वाइनला वासच आला नाही. नुसतं थंड पाणी. तो पुन्हा बोळात आला तर ओक तिथे उभा होता, उंबऱ्याशी, जणू श्वास रोखून. रेजिस त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपला. पन्नाशी उलटलेला, नकाशे शिकवणारा माणूस, आणि बायकोच्या तरुणपणाला घाबरला! पण भीती तिची नव्हती. त्याला वाटू लागलं होतं की ती मुलगी दारात उभी राहून त्याला काहीतरी विचारते आहे. तू आत कसा गेलास, असं काहीतरी. सगळे इथेच थांबले. मीसुद्धा थांबले असते. तू कसा गेलास? आणि याचं उत्तर त्याला माहीत होतं. नाक नव्हतं म्हणून. पण नाक असतं तर?  आपण प्रेम केलं, की आपल्याला ते नुसतं जमून गेलं? वर्गात नद्यांची नावं सांगताना तो तीच नदी दोनदा सांगे आणि मुलं एकमेकांकडे पाहत.

मागच्या खोलीतलं सिल्वियानचं कपाट त्याने तिच्यानंतर उघडलेलं नव्हतं. कारण साधं होतं. नाक परत येईल तेव्हा उघडायचं, असं त्याने ठरवलं होतं. तोवर दार बंद, म्हणजे आतलं आत राहील. कपड्यांत माणूस राहतो, हे त्याला आईच्या शालीवरून माहीत होतं. डिसेंबर लागता लागता एका रविवारी दुपारी शेजारच्या घरी कोंबडी भाजत होते, आणि रेजिसला ती कळली. अगदी पुसट, पण कळली. त्याने साबण हुंगला. साबण होता. तो तडक मागच्या खोलीत गेला आणि त्याने कपाट उघडलं. निळा कोट, राखाडी स्वेटर, लग्नकार्याला घालायचा जांभळा पोशाख. त्याने स्वेटर दोन्ही हातांनी धरून चेहरा त्यात दाबला. लव्हेंडर. स्वस्त, टोचणारं, कपडे धुवायच्या पावडरीतलं लव्हेंडर. निळा कोट, तेच. रुमाल, मोजे, रात्रीचे गाऊन, सगळे स्वच्छ, इस्त्रीच्या घड्या मोडलेल्या नाहीत, आणि सगळ्यांतून तेच लव्हेंडर. दोन हिवाळे त्याने एका धुतलेल्या कपाटावर पहारा दिला होता. हे नोएमीचंच काम. तिच्याशिवाय घराची किल्ली कुणाकडे नव्हती. तो बराच वेळ पलंगाच्या लोखंडी कडेवर बसून राहिला. संताप येईल म्हणून वाट पाहिली. आला तो नुसता थकवा.

त्यानंतरच्या शनिवारी नोएमी स्वतःच आली. ती ग्रनोब्लला राहायची, लोकांच्या आखडलेल्या पाठी आणि गुडघे सरळ करायचा तिचा व्यवसाय होता. “चल पपा, गास्पारमामाकडे जाऊ. किती वेळा बोलावलं त्याने. आणि तुझा रंग बघ, खडूसारखा झालाय.” त्याने कोट घातला आणि एक बाटली घेतली. नोएमीने ती बाटली पाहिली आणि गाडीची किल्ली काढली.  उजव्या हाताला सोन नदी वाहत होती, कुरणांवर पाणी चढलेलं, उंच झाडांच्या रांगा पाण्यात उभ्या. रेजिसला लव्हेंडरबद्दल विचारायचं होतं आणि नोएमीला बाटल्यांबद्दल. दोघंही हवेबद्दल बोलत राहिली.

गास्पार कारखान्याच्या दारातच होता. सिल्वियानचा थोरला भाऊ, आता सत्तरीचा, आयुष्यभर पिंपांच्या लोखंडी कड्या ठोकून एक कान गेलेला. “आलास? अरे काय हे, शाळेत उपाशी ठेवतात का तुला?” तो ओरडला. मग त्याने बाटली पाहिली. “आणि हे? पिंपवाल्याच्या घरी सुपरमार्केटची वाइन! घोड्याच्या तबेल्यात लाकडी घोडा घेऊन येशील एक दिवस.” पण त्याने तिथेच बूच काढलं, एक घोट घेऊन गालात फिरवला आणि भुशात थुंकला. “लाकूड आहे,” तो म्हणाला. “थकलेलं आहे, पण आहे. वाइनची मोठी घराणी पिंप दोन-तीन मोसम वापरतात आणि विकून टाकतात, मग असल्या गरीब वाइनी त्यात येऊन झोपतात. मला तर वाईट नाही वाटत. काय सांगावं, माझंच असेल एखादं.” नोएमीला त्याने कुशीत घेतलं. “आईसारखी दिसायला लागलीस गं.” ती हसली आणि बाजूला झाली.

आत जाळ होता. बूड नसलेलं पिंप जमिनीवर उभं आणि त्याच्या पोटात ओकच्या ढलप्या पेटवलेल्या. एक कामगार ओलं फडकं फळ्यांवरून फिरवत होता, वाफ उठत होती, आणि दुसरा हातोडीने कडी खाली ठोकत पिंपाभोवती फिरत होता. रेजिस पुढे गेला. “अरे, भुवया जाळशील!” गास्पार म्हणाला, पण तो गेला. त्याने पिंपाच्या तोंडावर चेहरा नेला आणि श्वास घेतला. ग्लासातून जे धाग्याधाग्याने येत होतं, ते इथे अंगावर कोसळलं. तो डोळे मिटून त्या मुलीची वाट पाहू लागला. ती आली नाही. इथे तो वास कुणा एकीचा नव्हताच. कामगारांच्या एप्रनना होता, गास्पारच्या मिशांना होता, दाराच्या मुठीला होता. त्याला एकदम उघड्यावर पडल्यासारखं झालं. मग कामगाराने बादलीतलं गरम पाणी फळ्यांवर ओतलं आणि लाकडातून काहीतरी दुसरं निघालं. आंबट, ओलं, आणि त्याच्या तळाशी गोडसर, नासल्यासारखं. हा वास त्याने आयुष्यात कधी घेतलेला नव्हता, याची त्याला खात्री होती. पण मागे कुणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज झाला. त्याने वळून पाहिलं. नोएमी दारात होती, शालीचं टोक नाकावर दाबून. पुढच्याच क्षणी दार रिकामं होतं.

ती त्याला मागच्या अंगणात सापडली. तिथे कापलेल्या फळ्यांच्या माणसाएवढ्या चळती होत्या. दोन-तीन वर्षं पावसात, उन्हात उभ्या राहून त्या काळ्या पडत आणि मग पिंपाच्या कामाला येत. नोएमी एका ठेंगण्या चळतीवर बसली होती. तो शेजारी बसला.

“मादाम तिसोंनी फोन केला होता,” ती समोर बघत म्हणाली. मादाम तिसो खालच्या मजल्यावर राहायच्या. “म्हणाल्या, काचा टाकायच्या डब्यात बाटल्या पडल्याचा आवाज होतो. वरचेवर.”

“मी पीत नाही, नोएमी.”

“पपा.”

“ओतून टाकतो सकाळी. नुसता वास घेतो. नाक गेल्यापासून तेवढाच एक वास येत होता, म्हणून.”

“नाक गेल्यापासून म्हणजे?”

“त्या साथीत गेलं नाही का! मला ताप होता, तू दाराशी संत्री ठेवून गेली होतीस बघ, तेव्हा.”

नोएमीने हळूहळू त्याच्याकडे मान वळवली. “ते आईच्या आधीचं.”

“हो.”

“म्हणजे आई त्या खोलीत होती तेव्हा…”

“हो.”

“तुला काही येत नव्हतं? काहीच?”

“काहीच नाही.”

ती उठली. फळ्यांच्या चळतींमधून शेवटच्या कुंपणापर्यंत चालत गेली आणि परत आली. तिचा चेहरा रडवेला होता की हसरा, हे रेजिसला ठरवता येईना. “आणि मी!” ती म्हणाली. “मी दारापर्यंत यायचे आणि माझे पाय थांबायचे. मी खाली जिन्यात बसून उलटी दाबायचे. माझी आई होती ती, पपा, आणि मला तिच्याजवळ जाववत नव्हतं. आणि तू तिच्या उशीवर डोकं ठेवून झोपलेला दिसायचास. मी गाडी चालवत घरी जाताना दर वेळी स्वतःला म्हणायचे, बघ, प्रेम म्हणजे ते. तुझ्याकडे नाही ते.” तिचा आवाज फुटला. “इतकी वर्षं मी तुझ्याकडे बघून स्वतःला शिव्या देतेय!”

“मला काय माहीत,” तो पुटपुटला.

“तिलासुद्धा सांगितलं नाहीस?”

“नाही.”

“का?”

“ती हसायची,” रेजिस म्हणाला.

नोएमी पुन्हा खाली बसली. आतून हातोडीचे ठोके येत होते, फिरत फिरत, एका बाजूने मोठे, दुसऱ्या बाजूने बारीक. “मला म्हणाली होती ती,” नोएमी म्हणाली. “म्हणाली, तुझा बाप माझ्यासाठी रोज खोटं बोलतो. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नाही.” रेजिसने खाली पाहिलं. पायाशी लाकडाच्या सालीचे तुकडे होते, आणि त्याला ते उगीचच एकसारखे लावून ठेवावेसे वाटले. हे त्याचं नव्हतं. तिने जे त्याला दिलं होतं ते चुकीच्या पत्त्यावर आलेलं होतं आणि परत करायला आता कुणी नव्हतं.

“कपाटातले कपडे तू धुतलेस,” तो म्हणाला.

“हो. न घातलेल्या कपड्यांतसुद्धा तो वास बसला होता. तू शाळेत होतास तेव्हा चार खेपा करून धुतले. आई तशी राहायला नको होती मला, बंद कपाटात.” तिने शाल अंगाभोवती ओढली. “तुझ्या लक्षात आलं असेल असं वाटलं. तू काही बोलला नाहीस, म्हणून मीही बोलले नाही.”

“नाक असतं तर मी गेलो असतो का गं आत?”

 नोएमी नाही म्हणाली असती तर त्याला चाललं असतं, आणि हो म्हणाली असती तर त्याने विश्वास ठेवला नसता. “माहीत नाही, पपा,” ती म्हणाली. तिच्या खांद्यांमधलं काहीतरी सैल झालं होतं. ती इतक्या जवळ बसली होती की तिच्या शालीची लोकर त्याला हलकेच कळत होती.

“मग सांग मला,” तो म्हणाला. “कसा होता?”

“काय?”

“त्या खोलीचा वास.”

“आता कशाला?”

“नर्सला माहीत होता. तुला आहे. मादाम तिसोंना जिन्यात येत असेल. तिला स्वतःला तर होताच. त्या घरात एकट्या मला माहीत नाही.”

नोएमीने शाल मांडीवर घेतली आणि तिच्या कडेचे दोरे ओढू लागली. मग ती सांगू लागली, अडखळत, शब्द शोधत. पहिल्यांदा गोड यायचा, म्हणाली, जास्त पिकलेल्या नासपतीसारखा. इतका गोड की फसायला व्हायचं. मग त्याच्या खालून दुसरा. फुलदाणीचं पाणी बदलायचं राहून जातं ना, तसा. फुलांचे देठ चिकट होतात, तो. त्यात औषधाचा लोखंडी वास. मेणबत्त्या लावल्या की तो जायचा नाही, त्यांच्यातच मिसळायचा, म्हणून अजून मला व्हॅनिला चालत नाही. आणि कपड्यांना, केसांना. मी घरी जाऊन केस धुवायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पट्टी काढतात तेव्हा…

रेजिस ऐकत होता. कारखान्याच्या दारातून तो आंबट, ओला वास अंगणात येत होता, आणि तिचे शब्द त्याला येऊन चिकटत होते. त्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला हाताला धरून नेत होतं. लिंडनकडे उघडणारी खिडकी, पांघरूण, उशी, सगळं जागेवर होतं, आणि आता त्यात हवा भरत होती.  त्याच्या कपाळावर घाम आला, आणि त्याला उठून जावंसं वाटलं. इतकं स्पष्टपणे, इतक्या अंगभर, की त्याचे दोन्ही तळहात फळ्यांवर टेकले गेले, उठायच्या तयारीत.

“जेवायला या रे!” गास्पार आतून ओरडला. “सूप गार होतंय!”

नोएमी थांबली. तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “जाऊ या का?” ती हळू आवाजात म्हणाली. “पुरे झालं, पपा.”

रेजिस जागचा हलला नाही. त्याने नाकाने एक लांब श्वास आत घेतला.

“पट्टी काढतात तेव्हा,” तो म्हणाला. “पुढे?”